घेवड्याच्या शेतात आच्छादन: पेरणीपासून शेवटच्या तोड्यापर्यंत

आच्छादन जमिनीला पाणी देत नाही. जमिनीत आधीच असलेली ओल उन्हाने आणि वाऱ्याने उडून जाण्याचा वेग ते कमी करते. एवढी गोष्ट पक्की लक्षात न घेतल्यामुळे कोरड्या रानावर पाचट पसरून फरक पडण्याची वाट पाहणारे शेतकरी जसे दिसतात, तसेच आच्छादन केल्यानंतरही पूर्वीच्याच अंतराने पाण्याच्या पाळ्या देऊन घेवड्याची मुळे कुजवणारेही दिसतात. पुढील मार्गदर्शन घेवडा, म्हणजे बाजारात फरसबी किंवा श्रावण घेवडा म्हणून विकली जाणारी झुडूपवजा जात, पहिल्यांदाच आच्छादनावर घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. पश्चिम महाराष्ट्रातील ठिबकवरचा रब्बी आणि उन्हाळी घेवडा प्रामुख्याने डोळ्यांसमोर ठेवला असून, कोकणातील भातानंतरचा वाल किंवा गोव्यातील आळसांदे (तिथली चवळी) यांच्या बाबतीत जिथे पद्धत बदलते तिथे तसे सांगितले आहे.

घेवड्याला आच्छादन मानवते याचे मुख्य कारण त्याच्या मुळांत आहे. या पिकाची बहुतेक तंतुमुळे जमिनीच्या वरच्या २० ते ३० सेंटिमीटर थरात असतात आणि नेमका हाच थर सर्वांत आधी सुकतो. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना या थरातील ओल तुटली, तर फुले गळतात आणि राहिलेल्या शेंगा आखूड, वाकड्या व कमी दाण्यांच्या होतात. नंतर कितीही पाणी दिले तरी गळलेली फुले परत येत नाहीत. त्यामुळे या पिकात आच्छादनाचा खरा उपयोग पाण्याची एकूण बचत करण्यापेक्षाही दोन पाळ्यांच्या मधली ओल एकसारखी राखण्यासाठी होतो, असे माझे मत आहे.

१. हंगाम आणि जमीन आधी तपासा

रब्बीतील पेरणी साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि उन्हाळी पेरणी जानेवारी-फेब्रुवारीत होते. आच्छादनाचा सर्वाधिक लाभ उन्हाळी पिकाला मिळतो, कारण मार्चनंतर हवा तापते, घेवडा मुळात थंड हवामानाचे पीक असल्यामुळे फुले टिकत नाहीत, आणि अशा वेळी मुळांजवळची माती थंड व ओलसर राहिली तर झाडाला बराच आधार मिळतो. रब्बीत मात्र उलटा विचार करावा लागतो. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात रोपे लहान असतानाच जाड आच्छादन घातले, तर दिवसा जमीन पुरेशी तापत नाही आणि वाढ रेंगाळते; तिथे प्रथम पातळ थर द्यावा आणि थंडी ओसरल्यावर तो वाढवावा.

खरिपात भारी काळ्या जमिनीत काडाचे आच्छादन करू नये. पावसाळ्यात त्या जमिनीची अडचण ओल टिकण्याची नसून पाणी साचण्याची असते आणि आच्छादन ती वाढवते. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात खरिपात होणाऱ्या, भौगोलिक मानांकन मिळालेल्या वाघ्या घेवड्यासारख्या पिकात हलक्या, उताराच्या, निचऱ्याच्या रानात पातळ आच्छादन चालू शकते. तेथे त्याचे काम पावसाच्या थेंबांनी उडणारी माती पानांवर व शेंगांवर जाऊ न देण्याचे असते.

निचऱ्याची शंका असल्यास एक सोपी परीक्षा करावी. शेताच्या सखल भागात फूटभर खोल खड्डा घ्यावा, तो पाण्याने भरावा, पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. खड्ड्यात पाणी उभे असेल, तर गादीवाफा केल्याशिवाय आच्छादनाचा विचार करू नये.

२. आच्छादनासाठी काय वापरावे आणि काय टाळावे

जे गावात मिळते, कोरडे आहे, तणाच्या बियांपासून मुक्त आहे आणि जनावरांच्या दावणीतून हिरावून आणलेले नाही, ते आच्छादन चांगले. कडबा किंवा भाताचा चांगला पेंढा चाऱ्याच्या भावाने विकत घेऊन रानात पसरवणे मला कधीच शहाणपणाचे वाटलेले नाही.

*उसाचे पाचट:* पश्चिम महाराष्ट्रात सहज मिळते, सावकाश कुजते आणि घेवड्याचा पूर्ण काळ टिकते. ऊसतोडीनंतर एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट रानात राहते आणि ते जाळून टाकण्याचा प्रघात अजून पुरता गेलेला नाही, त्यामुळे शेजाऱ्याकडे मागितल्यास बहुधा वाहतुकीच्या खर्चातच मिळते. लांब पाने ओळींत अडकतात, म्हणून ती वीतभर तुकड्यांची करून घ्यावीत किंवा कुट्टी यंत्रातून काढावीत.

*गव्हाचे काड:* पसरायला सर्वांत सोपे असते. मळणीत दाणे राहिले असतील तर पाणी मिळताच ते उगवतात, म्हणून काड आधी उन्हात पसरून झटकून घ्यावे. अगदी बारीक भुसा वाऱ्याने उडतो आणि पाणी पडल्यावर त्याचा थापा बसतो, तो टाळावा.

*भाताचा खराब पेंढा:* पावसात भिजून चाऱ्यातून बाद झालेला पेंढा वाळवून वापरता येतो. त्यावर बुरशीची वाढ दिसत असेल, तर तो खतखड्ड्यातच जाऊ द्यावा.

*गिरिपुष्पाचा किंवा सुबाभळीचा पाला:* कोकणात बांधावर सहज होतो, लवकर कुजतो आणि नत्र देतो, मात्र तेवढ्याच लवकर संपतो. सुबाभळीच्या फांद्यांवर पक्व शेंगा असतील तर तिची रोपे पुढे दोन-तीन वर्षे उपटत बसावे लागते.

टाळण्याच्या गोष्टींमध्ये सोयाबीनचे भुसकट आणि भुईमुगाचे वेल मी सर्वांत वर ठेवतो. खोडकूज आणि मूळकूज करणाऱ्या काही बुरशी या पिकांवरही चालतात आणि घेवड्यावरही चालतात, त्यामुळे अशा अवशेषांबरोबर रोगच रानात आणला जाण्याची शक्यता असते. घेवड्याचे जुने अवशेष घेवड्यावर वापरू नयेत, हे तर ओघानेच आले. बी धरलेले गाजरगवत, तसेच ओलावा मिळताच पेरापेराला मुळे फोडणारी हरळी यांनाही शेतात प्रवेश देऊ नये.

याखेरीज एक न दिसणारा धोका असतो. ऊस, गहू, ज्वारी अशा पिकांत रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी आणि तत्सम तणनाशके वापरली जातात, आणि घेवडा हे स्वतः रुंद पानांचे, या औषधांना अतिशय संवेदनशील पीक आहे. काड कोणत्या शेतातून आले आणि त्या पिकावर शेवटची तणनाशक फवारणी कधी झाली, हे विचारूनच ते घ्यावे. खात्री नसेल तर दोन कुंड्या घ्याव्यात, दोन्हींत सारखी माती भरावी, एकीत त्या काडाचे बारीक तुकडे मिसळावेत आणि दोन्हींत घेवड्याचे पाच-सहा दाणे लावावेत. दोन-तीन आठवड्यांत पहिल्या कुंडीतील पाने वळलेली, पेल्यासारखी झालेली किंवा देठ पिळवटलेले दिसले, तर ते काड घेवड्यासाठी निकामी समजावे.

३. प्रमाण काढा आणि साहित्य जमवा

नवख्यांची फसगत बहुधा प्रमाणात होते: ढीग मोठा दिसतो, प्रत्यक्षात पसरल्यावर निम्मे रान उघडे राहते. अंदाज करण्याऐवजी चार काठ्या जोडून एक मीटर लांब-रुंद चौकट करावी, तीत माती अजिबात दिसणार नाही आणि हलके दाबल्यावर सुमारे ५ सेंटिमीटर थर राहील इतके काड पसरावे आणि तेवढे काड उचलून वजन करावे. कोरड्या पाचटाचे हे वजन साधारण एक किलोच्या आसपास भरते, पण प्रत्येकाने आपल्याजवळील मालाचे मोजून पाहावे.

हिशेब पुढे सोपा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवले आणि झाडांच्या ओळीलगत १५ सेंटिमीटरचा पट्टा मोकळा सोडला, तर दोन तृतीयांश क्षेत्र झाकावे लागते. म्हणजे गुंठ्याला ६५ ते ७० किलो आणि एकराला साधारण पावणेतीन टन. थर नंतर बसतो आणि काही भाग कुजतो, म्हणून चौथा हिस्सा अधिक जमवून बांधावर झाकून ठेवावा.

माल कमी पडला, तर सगळ्या रानावर विरळ पसरण्यापेक्षा कमी क्षेत्र नीट झाकावे, असे सांगणारे बरेच जण भेटतील, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पिकांच्या पाणी गरजेविषयीच्या मार्गदर्शिकेत असा ठोकताळा दिला आहे, की सेंद्रिय आच्छादनाने जमिनीचा प्रत्येक १० टक्के पृष्ठभाग प्रभावीपणे झाकला गेला, तर मातीतून होणारे बाष्पीभवन सुमारे ५ टक्क्यांनी कमी धरावे. यात ‘प्रभावीपणे’ या शब्दाला महत्त्व आहे. मधून माती दिसणारा विरळ थर या हिशेबात बसत नाही. शिवाय ही बचत केवळ मातीतून उडणाऱ्या पाण्याची आहे, झाडाच्या पानांतून जाणारे पाणी आच्छादनाने थांबत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठ्यांपलीकडे जाऊ नये. लागणारे साहित्य असे:

- चौकट व वजनकाटा
- पाचट तोडण्यासाठी कोयता किंवा कुट्टी यंत्र
- पसरण्यासाठी पंजा किंवा दाताळे
- ओल तपासण्यासाठी खुरपे आणि छोटे फावडे
- ठिबकच्या नळ्या, शेवटची बूचे आणि जोडण्या
- बीजप्रक्रियेसाठी ट्रायकोडर्मा आणि घेवड्यासाठीचे रायझोबियम जिवाणू संवर्धक
- गोगलगायींसाठी जुनी गोणपाटे

४. जे खाली जायचे ते आधी घाला

एकदा काड पसरले की त्याखालील कोणतेही काम करणे जिकिरीचे होते. म्हणून कुजलेले शेणखत, माती परीक्षणानुसार स्फुरद व पालाश आणि नत्राचा पहिला हप्ता पेरणीपूर्वीच मातीत मिसळून घ्यावा.

नत्राच्या बाबतीत घेवडा इतर कडधान्यांसारखा नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. हरभरा किंवा तूर मुळांवरील गाठींतून आपली बरीचशी गरज भागवते, त्यामुळे हरभऱ्याला हेक्टरी २५ किलो नत्रही पुरते. फरसबी आणि राजमा ही एकाच प्रजातीची पिके असून आपल्याकडील जमिनींत त्यांच्या मुळांवर गाठी फारच कमी धरतात, म्हणूनच राजम्याला हेक्टरी सुमारे १०० किलो नत्राची शिफारस केली जाते. ‘शेंगवर्गीय पीक आहे, खत कशाला’ असे म्हणून नत्र टाळले आणि वर काडही मातीत मिसळले गेले, तर ते काड कुजवणारे जिवाणू मातीतील उपलब्ध नत्र स्वतःसाठी वापरतात आणि झाडे पिवळी पडतात. गव्हाच्या काडात आणि उसाच्या पाचटात नत्राच्या मानाने कर्ब फार असल्यामुळे असे घडते. काड पृष्ठभागावरच राहिले तर हा परिणाम बराच कमी असतो. त्यामुळे पीक उभे असताना कोळपणी करून ते मातीत ढकलू नये.

ठिबकच्या नळ्या आच्छादनाच्या खाली असाव्यात. नळ्या टाकून पाणी सोडावे, प्रत्येक ड्रीपर थेंब देतो का पाहावे, बंद असलेले साफ करावेत आणि मगच पुढे जावे. काडाखाली बंद पडलेला ड्रीपर ओळखू येतो तो तिथली झाडे कोमेजल्यावर.

पाटपाण्यावर घेवडा घेत असाल, तर काड सरीत टाकू नये. पाणी येताच ते वाहून जाते आणि खालच्या टोकाला बांध घालते. वरंब्याच्या माथ्यावर आणि उतारावर पसरावे, सरीचा तळ मोकळा ठेवावा.

५. पेरणी वाफशावर करा

रान भिजवून वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाल्यावर, टोकणी करावी. बियाण्याला प्रतिकिलो ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे आणि त्यानंतर रायझोबियम लावून सावलीत सुकवावे. गाठी कमी धरतात म्हणून संवर्धक अगदीच वगळण्याचे कारण नाही. कंटेंडर, अर्का कोमल यांसारख्या झुडूपवजा जाती आच्छादनावर सोयीच्या पडतात. खोली ३ ते ५ सेंटिमीटर, ओळीत झाडांमध्ये १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे.

घेवड्याचा कोंब डाळिंबी (बियाची दोन दले) वर घेऊन, मान वाकवून बाहेर येतो. वर माती कडक झाली किंवा काडाचा जाड थर आला तर ती मान मोडते आणि रोप उघड्या देठासारखे राहते. म्हणून पेरणीच्या दिवशी ओळीवर आच्छादन टाकू नये. मुबलक माल हाताशी असेल तर ओळींच्या मधल्या पट्ट्यात त्याच दिवशी टाकण्यास हरकत नाही.

कोकणात भातकापणीनंतर अंगओलीवर (जमिनीत उरलेल्या ओलीवर) घेतल्या जाणाऱ्या वालाला आणि गोव्यात त्याच पद्धतीने होणाऱ्या आळसांद्यांना मात्र थांबणे परवडत नाही. पुढे पाणी मिळणार नसते आणि भाताच्या खाचरातील ओल दिवसागणिक खाली जाते; तिथे पेरणीबरोबरच ओळींमधील जागा झाकून घ्यावी, ओळीवर फार तर चिमूटभर पेंढा विखुरलेला असावा आणि उगवण होताच तोही बाजूला सारावा.

६. आच्छादन कधी आणि कसे पसरावे

रोपांवर पहिले त्रिदळ पान पूर्ण उलगडले, नांगे (उगवण न झालेल्या रिकाम्या जागा) भरून झाले, विरळणी आणि पहिली खुरपणी आटोपली, की वेळ आली असे समजावे. हवामानानुसार पेरणीनंतर साधारण दोन ते अडीच आठवड्यांनी ही अवस्था येते. त्याआधी घाई केल्यास रोपे दडपतात; फार उशीर केला तर फांद्या पसरतात, काड आत घालताना त्या मोडतात आणि मधल्या काळात उडून गेलेली ओल गेलेलीच असते.

क्रम असा ठेवावा. प्रथम तण मुळासकट काढावे, कारण उगवून आलेले तण आच्छादनाने मरत नाही, उलट त्यालाही ओल मिळते. त्यानंतर चांगले पाणी द्यावे, जेणेकरून २५ ते ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत माती ओली होईल. पुढे वाफसा येऊ द्यावा. चिखलावर चालत काड पसरल्यास पायाखाली माती दाबली जाते आणि ती पूर्ण हंगाम तशीच राहते. वाफसा आला की त्याच दिवशी, शक्यतो ऊन कलल्यावर, काम पूर्ण करावे. दोन-तीन दिवसांत सवडीने करू म्हटले तर पृष्ठभाग पुन्हा सुकलेला असतो आणि आपण कोरड्या मातीवर आच्छादन घालत असतो.

झाडाच्या खोडाभोवती काड टेकू देऊ नये. ओळीच्या दोन्ही बाजूंना ७ ते ८ सेंटिमीटर जागा मोकळी असावी. ओले काड खोडाला लागून राहिले की जमिनीलगतचा भाग मऊ पडतो, पांढरी बुरशी येते आणि मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसू लागतात. ही खोडकूज एकदा ओळीत शिरली की शेजारच्या झाडांवर सरकत जाते. या मोकळ्या पट्ट्यात हाताने थोडी मातीची भर द्यावी. खोडमाशीने खोड पोखरलेल्या झाडाला ओलसर भरीत वरच्या अंगाने नवी मुळे फुटतात आणि बरीचशी झाडे त्यावर सावरतात. हे काम मातीनेच होते, काडाने नाही.

थर बसल्यानंतर ५ सेंटिमीटर राहावा, म्हणजे पसरताना तो ७ ते ८ सेंटिमीटर असावा. त्याहून जाड थराने हलकी सर मातीपर्यंत पोहोचतच नाही. काड भिजते आणि दुसऱ्या दिवशी सुकून जाते. याच कारणाने आच्छादनावर नळीने किंवा झारीने वरून पाणी शिंपडण्यात अर्थ नाही.

दोन ओळी मुद्दाम उघड्या ठेवाव्यात. आच्छादनाचा आपल्या मातीत नेमका किती उपयोग झाला, हे सांगणारा दुसरा कोणताही पुरावा त्याइतका खरा नसतो, आणि पुढच्या पायरीसाठी या ओळी लागणारच आहेत.

७. पाण्याचे वेळापत्रक बदला

सर्वाधिक नुकसान या पायरीवर होते. आच्छादनापूर्वी ज्या अंतराने पाणी देत होतो त्याच अंतराने देत राहिल्यास माती कायम चिंब राहते, मुळांना हवा मिळत नाही, पाने फिकट पिवळी पडतात, आणि ते पाहून पाणी कमी पडले असावे अशा समजुतीने पुन्हा पाणी दिले जाते. घेवड्यासारखे नाजूक मुळांचे पीक हे फार काळ सोसत नाही.

दिवस मोजून पाणी देणे सोडावे आणि माती पाहून द्यावे. आठवड्यातून दोनदा शेतात तीन-चार ठिकाणी काड बाजूला करून १५ सेंटिमीटर खोलीवरची माती हातात घ्यावी. मध्यम ते भारी मातीचा गोळा वळला आणि बोटाने दाबल्यावर चिरा पडून फुटला, तर अजून थांबता येते. गोळा वळतच नसेल तर पाणी द्यावे. दाबल्यावर पाण्याची चकाकी दिसली, तर मागची पाळी जास्त झाली होती. हीच तपासणी उघड्या ठेवलेल्या ओळींत करावी. दोन्हींतील फरकावरून पाळी किती लांबवायची ते ठरते. हलक्या, मुरमाड रानात फरक थोड्या दिवसांचा असतो आणि भारी रानात अधिक. कोणी सरसकट ‘इतक्या दिवसांनी द्या’ असे सांगितले, तर ते त्याच्या रानापुरते खरे मानावे.

फुलोरा आणि शेंगा भरण्याचा काळ मात्र अपवाद आहे. तेव्हा पाळी ताणून पाहण्याचा प्रयोग करू नये. गोळा नुकताच फुटू लागला असतानाच थोडे थोडे पाणी द्यावे.

नत्राचा दुसरा हप्ता ठिबकमधून द्यावा. ठिबक नसेल तर ओळीलगतचा मोकळा पट्टा वापरावा, तेथे मातीत खत मिसळून लगेच पाणी द्यावे. काडावर युरिया फेकणे म्हणजे पैसे हवेत सोडणे, कारण काडावरील ओलसर पृष्ठभागावर युरियाचे विघटन होऊन त्यातला बराचसा नत्र अमोनिया वायूच्या रूपाने निघून जातो.

८. आच्छादनाखाली कोण राहायला येते, ते पाहा

ओलसर आणि सावलीची जागा गांडुळांना जशी आवडते तशी गोगलगायींनाही आवडते. मराठवाड्यातील सोयाबीन पट्ट्यात आणि पुणे जिल्ह्याच्या काही भागांत शंखी गोगलगायींनी कोवळी पिके फस्त केल्याचे अनेकांनी पाहिले आहे. आपल्या शिवारात त्यांचा उपद्रव असेल, तर खरिपात काडाचे आच्छादन करूच नये. इतर वेळी संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधाकडेने ठेवावीत, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. प्रादुर्भाव जास्त असल्यास मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कृषी विभागाच्या सल्ल्याने, पाळीव जनावरे व कोंबड्या पोहोचणार नाहीत अशा रीतीने वापराव्यात.

पाचटाखाली वाळवी आणि उंदीर हे दुसरे पाहुणे. आठवड्याला एकदा काड उचकून मातीचे बोगदे आणि ताजी बिळे पाहावीत. कोरडे पाचट विडीच्या ठिणगीनेही पेट घेते, तेव्हा मजुरांना तशी स्पष्ट सूचना द्यावी. बांध जाळण्याच्या दिवसांत शेजाऱ्यालाही कल्पना द्यावी.

९. प्लास्टिकचा मल्चिंग पेपर घ्यावा का?

झुडूपवजा घेवड्याचे पीक अल्पमुदतीचे असते, दोन-अडीच महिन्यांत त्याचे बहुतेक तोडे संपतात. एवढ्यासाठी प्लास्टिकचा खर्च आणि नंतर ते गोळा करण्याची मजुरी मला सहसा परवडणारी वाटत नाही. वेलीचा घेवडा तारेवर चढवायचा असेल, किंवा त्याच कागदावर आधी टोमॅटो आणि नंतर घेवडा अशी दोन पिके घ्यायची असतील, तर गणित बदलते.

भाजीपाल्यासाठी २५ ते ३० मायक्रॉन जाडीचा, १.२ मीटर रुंदीचा, एका बाजूने चंदेरी व दुसऱ्या बाजूने काळा कागद प्रचलित आहे. चंदेरी बाजू वर ठेवावी. तिच्या परावर्तित प्रकाशाने मावा व फुलकिडे काही प्रमाणात दूर राहतात आणि उन्हाळ्यात माती फार तापत नाही. बेड ५ फुटांवर असल्यास एकरी सुमारे २,६५० मीटर, म्हणजे ४०० मीटरचे ७ रोल लागतात. कागद पेरणीपूर्वी, ओल्या गादीवाफ्यावर, ठिबक तपासून झाल्यावरच अंथरावा. उन्हाळ्यात छिद्राच्या कडेला कोवळे खोड टेकले तर भाजते, म्हणून छिद्र ऐसपैस पाडून कडांवर थोडी माती टाकावी. लव्हाळा असलेल्या रानात कागदावर भिस्त ठेवू नये, त्याची टोकदार पाती प्लास्टिक भेदून वर येतात.

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात प्लास्टिक आच्छादनासाठी ठरवून दिलेल्या खर्चमर्यादेच्या ५० टक्के अनुदान मिळते आणि एका लाभार्थ्याला २ हेक्टरपर्यंत लाभ घेता येतो. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा असतो. त्यासाठी पुढील कागदपत्रे जवळ ठेवावीत:

- शेतकरी ओळख क्रमांक
- सातबारा आणि आठ-अ उतारा
- आधार कार्ड व त्याच्याशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक
- लागू असल्यास जातीचा दाखला
- सातबारा सामाईक असल्यास इतर खातेदारांचे संमतिपत्र

पूर्वसंमती मिळण्याआधी कागद खरेदी करू नये; तशा बिलावर अनुदान मिळत नाही आणि नंतर कोणतीही विनवणी उपयोगी पडत नाही. खरेदीनंतर जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल घ्यावे, ते संकेतस्थळावर चढवावे आणि गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे कृषी सहायक) शेतावर तपासणी होईपर्यंत कागद उचलू नये. अनुदानाची रक्कम आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जाच्या वेळी त्यांच्याकडून खात्री करून घ्यावी.

१०. तोडे आणि त्यानंतर

आच्छादनावरच्या शेंगा मातीने माखत नाहीत, त्यामुळे धुण्याचे काम वाचते आणि करपा, तांबेऱ्याचे डाग लवकर नजरेस येतात. तोड्याच्या वेळी मजुरांनी ठरावीक पट्ट्यांतूनच चालावे, नाहीतर काड ओळीत ढकलले जाते आणि खोडाभोवतीची मोकळी जागा बुजते. प्रत्येक तोड्यानंतर एक फेरी मारून ती पुन्हा मोकळी करावी, आणि थर जिथे विरळ झाला असेल तिथे राखून ठेवलेले काड पाणी दिल्यावर घालावे.

शेवटच्या तोड्यानंतर झाडे निरोगी असतील तर जमिनीलगत कापून काडाबरोबरच रोटाव्हेटरने मिसळावीत. खोडकूज झालेली झाडे मात्र मुळांसकट उपटून शेताबाहेर न्यावीत. पाचट बरेच शिल्लक असेल, तर उसाच्या खोडव्यात जशी शिफारस आहे त्याच धर्तीवर, एकरी एक पोते युरिया, एक पोते सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकून, ओल असताना ते मातीत मिसळावे आणि पुढच्या पेरणीपूर्वी महिनाभर तरी मध्ये जाऊ द्यावा. आच्छादन कमी घातले असेल तर त्या प्रमाणात हे प्रमाणही कमी करावे. प्लास्टिकचा कागद असेल, तर ठिबकच्या नळ्या काढून, जमीन किंचित ओली असतानाच तो कडेपासून सावकाश ओढावा, म्हणजे फाटून तुकडे मातीत राहत नाहीत; गोळा केलेला कागद बांधावर न जाळता भंगारवाल्याकडे द्यावा.